जर्मनीतलं भाड्याचं घर: थर्मोस्टॅट, हीटिंग आणि वर्षानंतर येणारं बिल

जर्मनीत नव्याने आलेल्या माणसाला हीटिंगचा खर्च दोनदा चकवतो. पहिल्यांदा घर शोधताना, कारण जाहिरातीतलं भाडं आणि दरमहा खात्यातून जाणारी रक्कम यांत बरंच अंतर असतं. दुसऱ्यांदा वर्ष-दीड वर्षाने, घरमालकाचं जाडजूड पत्र येतं आणि शेवटच्या पानावर ‘नाखत्साहलुंग’ म्हणून एक आकडा असतो. म्हणजे उरलेले पैसे भरा. मधल्या काळात कुणी काही विचारलेलं नसतं, काही सांगितलेलंही नसतं.

आपल्याकडे विजेचं बिल दर महिन्याला येतं. मे महिन्यात एसी किती चालला ते जूनमध्ये कळतं आणि घरात त्यावर चर्चाही होते. इथे या जानेवारीत वापरलेल्या उष्णतेचा हिशेब पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतरही येऊ शकतो, आणि तेही कायद्याला धरून. त्यामुळे खाली जे काही सांगितलंय त्यातलं निम्मं उष्णता वाचवण्याबद्दल आहे आणि निम्मं तो खर्च वेळच्या वेळी आपल्या डोळ्यांसमोर आणण्याबद्दल. माझ्या मते दुसरं निम्मं जास्त महत्त्वाचं, कारण थंडीत कुडकुडत बसून वाचलेले चार पैसे चुकीच्या हिशेबात सहज निघून जातात.

1. जाहिरात वाचताना

भाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात ‘नेबेनकॉस्टेन’ म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा वगैरे आणि हीटिंगचा आगाऊ हप्ता मिळवला की होतं ‘वार्ममीटे’. फसगत होते ती एका छोट्या ओळीत. जाहिरातीत कुठेतरी लिहिलेलं असतं की ‘हाइत्सकॉस्टेन’, म्हणजे हीटिंगचा खर्च, नेबेनकॉस्टेनमध्ये धरलाय की नाही. तिथे ‘निख्ट’ हा शब्द दिसला तर तो धरलेला नाही. मग स्वस्त वाटणाऱ्या घराच्या भाड्यावर गॅसचं बिल वेगळं येणार. असे फ्लॅट सहसा ‘गास-एटागेनहाइत्सुंग’वाले असतात: स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये भिंतीवर गॅसचा छोटा बॉयलर असतो आणि गॅसचा करार तुम्हाला स्वतःच्या नावावर करावा लागतो.

आणखी एक शब्द बघा. हप्ता ‘फोराउसत्साहलुंग’ असेल तर तो आगाऊ आहे आणि वर्षअखेर हिशेब होणार. ‘पाउशाले’ असेल तर ठोक रक्कम, हिशेब नाही. शेअरिंगच्या घरातल्या खोलीसाठी किंवा विद्यार्थी वसतिगृहात ठोक रक्कम नेहमी दिसते आणि पहिल्या वर्षाला ती सोयीचीही पडते. स्वतंत्र फ्लॅटला मात्र, जिथे सगळ्या इमारतीला एकच बॉयलर आहे, तिथे हीटिंगचा हिशेब वापराप्रमाणे करायचा असा नियम आहे. 1981 पासूनचा.

2. घर बघायला गेल्यावर

घर दाखवताना घरमालकाने ‘एनेर्गी-आउसवाइस’ म्हणजे ऊर्जा प्रमाणपत्र दाखवलंच पाहिजे. न मागता दाखवायचं असतं, पण वीस माणसं रांगेत असताना ते राहून जातं. मागा. त्यावर हिरव्यापासून लालपर्यंत एक पट्टी असते, ए प्लसपासून एचपर्यंत, आणि एक आकडा असतो: दर चौरस मीटरला वर्षाला किती किलोवॅट-तास. किलोवॅट-तास म्हणजे आपलं युनिटच.

हा आकडा हातात आला की गणित तिथल्या तिथे मनात होतं. समजा फ्लॅट 50 चौरस मीटरचा आणि आकडा 150. वर्षाला साधारण 7500 युनिट. गॅस 12 सेंटला एक युनिट धरला तर 900 युरो, म्हणजे महिन्याला 75. आता जाहिरातीत हीटिंगचा हप्ता 40 युरो लिहिलेला असेल तर समजायचं की भाडं कमी दिसावं म्हणून हप्ता कमी ठेवलाय. उरलेले पुढे तुम्हीच भरणार आहात. प्रमाणपत्रातला आकडा सगळ्या इमारतीचा असतो आणि क्षेत्रफळ मोजायची त्यांची पद्धत थोडी वेगळी असते, त्यामुळे पै-पैचा हिशेब त्यावरून करू नका, अंदाजाला मात्र तो उत्तम आहे.

सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, कोपऱ्यातला किंवा खाली थंड तळघर असलेला फ्लॅट जास्त खातो. मधला फ्लॅट शेजाऱ्यांच्या उबेवर निम्मा तरून जातो. भिंतीजवळ विटांनी भरलेलं एखादं जड कपाटासारखं धूड दिसलं आणि मालक त्याला ‘नाख्टश्पायखर’ म्हणाला, तर ते विजेवर चालणारं रात्रीचं हीटिंग आहे. बिल काढल्याशिवाय सही करू नका. गरम पाणी कशावर आहे तेही विचारा: बाथरूममध्ये भिंतीवर ‘डुर्शलाउफएरहित्सर’ असेल तर पाणी विजेवर तापतं, म्हणजे तो खर्च तुमच्या वीजबिलात जाणार. दोन फ्लॅटच्या हीटिंगची तुलना करताना हे विसरलं की सगळीच तुलना फसते.

3. किल्ली घेताना

ज्या दिवशी किल्ली मिळते त्या दिवशी ‘उबरगाबे-प्रोटोकोल’ म्हणून एक कागद भरतात. त्यात प्रत्येक मीटरचा नंबर आणि त्या दिवशीचं रीडिंग हवंच: वीज, गॅस, गरम-थंड पाणी आणि रेडिएटरवरची, म्हणजे खोलीतल्या गरम पाणी खेळणाऱ्या हीटरवरची, यंत्रं. फोटो काढा, आणि फोटोत रीडिंगबरोबर मीटरचा नंबरही यायला हवा. वीज आणि गॅसचे मीटर पुष्कळदा तळघरात असतात. घरमालकाला घाई असली तरी खाली घेऊन चला म्हणा.

रेडिएटरच्या अंगावर मधोमध एक पांढरी अरुंद पट्टी चिकटवलेली दिसेल. हा ‘हाइत्सकॉस्टेनफरटायलर’. टेकेम किंवा इस्टासारख्या कंपन्या ही यंत्रं बसवतात आणि वाचतात. याचं रीडिंग युनिटमध्ये नसतं, नुसते अंक असतात, आणि त्या अंकांना एकट्याने काही अर्थ नाही. सगळ्या इमारतीतले अंक एकत्र करून त्यातला तुमचा वाटा किती, एवढंच त्यावरून काढतात. डिजिटल पट्टीवर आकडे आळीपाळीने बदलत राहतात: एक चालू वर्षाचा, एक मागच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीचा. थोडा वेळ उभं राहून दोन्हींचे फोटो घ्या. ही पट्टी काढायची नाही, झाकायची नाही, तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालायचा नाही. टॉवेल घातला की आत साचलेली उष्णता तुमच्याच नावावर चढते.

गॅसचा करार स्वतःचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही काहीही न करता गॅस वापरायला लागलात तरी तुमचा करार आपोआप सुरू झालेला असतो, त्या भागातल्या मुख्य पुरवठादाराशी, ‘ग्रुंडफरझोरगुंग’ नावाच्या दराने. तो दर सहसा महाग असतो, पण त्यातून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. पत्ता नोंदवून झाला, बँक खातं उघडलं की लगेच तुलना करून दुसरा करार घ्या. तुलना करताना पहिल्या वर्षाचा बोनस बाजूला ठेवून बघा. बोनसमुळे स्वस्त दिसणारे करार दुसऱ्या वर्षी दात दाखवतात.

4. थर्मोस्टॅटवरचे आकडे

रेडिएटरच्या कडेला जो गोल मुठीएवढा डोका असतो, त्यावर 1 ते 5 आकडे आणि एक हिमकणाची खूण असते. आपल्या हाताला सवय असते गॅसच्या शेगडीच्या बटणाची: जास्त फिरवलं की आच मोठी. इथे तसं नाही. 3 म्हणजे खोली साधारण 20 अंशांना आली की गरम पाणी बंद कर. 2 म्हणजे 16, 4 म्हणजे 24, 5 म्हणजे 28, 1 म्हणजे 12. मधल्या बारीक रेघा असतील तर एक रेघ साधारण एका अंशाची. हिमकण म्हणजे सुमारे 6 अंश, पाइप गोठू नयेत एवढंच.

या डोक्यात एक द्रव किंवा मेण भरलेली कुपी असते. खोली गरम झाली की ती फुगते, एक पिन आत ढकलते आणि पाणी अडवते. खोली थंड झाली की उलट. वीज नाही, बॅटरी नाही. तेव्हा बाहेरून गारठून आल्यावर 5 वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही. 3 वर असतानाही झडप त्या वेळी पुरती उघडीच असते. फरक एवढाच की 20 अंशांना ती थांबली असती, आता 28 पर्यंत जात राहणार, आणि तोवर तुम्ही खिडकी उघडलेली असणार.

यातूनच पुढची गोष्ट निघते. हा डोका स्वतःभोवतीची हवा मोजतो, तुमच्या पलंगाजवळची नाही. त्याच्यावर जाड पडदा लोंबत असेल किंवा समोर सोफा टेकवला असेल तर त्याच्याभोवती उबदार खोबण तयार होते आणि खोली गार असतानाच तो बंद होतो. ‘हीटर चालत नाही’ या तक्रारींपैकी किती तरी अशा पडद्यामागे सापडतात. दुसरी तक्रार म्हणजे रेडिएटर वर गरम आणि खाली गार. ते बिघडलेलं नाही. पाणी वरून येतं, खालपर्यंत जाताना उष्णता देऊन टाकतं. उलट, वर गार, खाली गरम आणि आतून गुळगुळ आवाज असेल तर हवा अडकलीय. चार-पाच युरोंना चौकोनी तोंडाची छोटी किल्ली मिळते. थर्मोस्टॅट बंद करून थोडं थांबा, खाली वाटी धरा, कडेचा स्क्रू जेमतेम पाव फेरा सैल करा. फुसफुस करत हवा जाते, मग काळपट पाण्याची पिचकारी येते, लगेच बंद करा. पाणी गरम असू शकतं. तुमचा स्वतःचा बॉयलर असेल तर नंतर त्यावरचा दाबाचा काटा बघा, बहुतेक यंत्रांत तो 1 ते 2 बारमध्ये असतो. मोठ्या इमारतीत वारंवार हवा भरत असेल तर ‘हाउसमाइस्टर’ला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, कळवायचं.

कुठल्या खोलीला किती? बसायच्या खोलीला 20, झोपायच्या खोलीला 17-18, स्वयंपाकघराला थोडं कमी चालतं कारण आपला स्वयंपाकच उष्णता देतो. बाथरूम 21-22. एक अंश कमी केला की हीटिंगचा खर्च अंदाजे 6 टक्के उतरतो, असं इथे सगळीकडे सांगतात आणि ते ढोबळमानाने बरोबर आहे. पण 16 च्या खाली कुठलीही राहती खोली नेऊ नका. आणि गार बेडरूमचं दार उघडं ठेवून बसायच्या खोलीची ऊब तिकडे सोडू नका. त्या उबेबरोबर दमट हवा जाते आणि गार भिंतीवर पाणी होऊन बसते.

रात्री आणि ऑफिसला जाताना 2 वर आणा. ही सवय जुन्या इमारतीत, लोखंडी रेडिएटर असताना, खरोखर पैसे वाचवते. जमिनीखालून तापणारं घर असेल, किंवा हीट पंप असेल, तर ती विसरा. जमीन तापायला तास न् तास लागतात. सकाळी बंद करून संध्याकाळी चालू केलं तर ऊब मध्यरात्री येते. तिथे एक आकडा ठरवायचा आणि हात लावायचा नाही.

वेळापत्रक लावता येणारा इलेक्ट्रॉनिक डोका विकत घेऊन स्वतः बसवता येतो. जुना डोका फक्त फिरवून निघतो, पाणी सांडत नाही, कारण झडप जागच्या जागी राहते. बहुतेक झडपांना तो थेट बसतो, काहींना अडॅप्टर लागतो. जुना डोका खोलीचं नाव लिहून पिशवीत जपून ठेवा, घर सोडताना परत बसवायचाय. उन्हाळ्यात साधा थर्मोस्टॅट 5 वर पूर्ण उघडा ठेवला की आतली पिन अडकत नाही. इमारतीचं हीटिंग तेव्हा बंदच असतं.

विजेचा छोटा हीटर मात्र टाळा. 2000 वॅटचा हीटर तासाला 2 युनिट खातो. इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या तिप्पट भावाला पडतं.

5. खिडकी, कुकर आणि बुरशी

जर्मन घरमालकाला भाडेकरूबद्दल सर्वात मोठी भीती बुरशीची असते, आणि भारतीय भाडेकरूबद्दल ती थोडी जास्तच असते. त्यात पूर्वग्रह किती आणि अनुभव किती हा वाद बाजूला ठेवू. वस्तुस्थिती अशी की आपल्या स्वयंपाकात वाफ पुष्कळ. कुकरच्या शिट्ट्या, उकळतं वरण, चहा दिवसातून चारदा, त्यात स्टँडवर वाळत घातलेले कपडे. इथल्या खिडक्या बंद झाल्या की घर हवाबंद होतं, आणि ही सगळी वाफ बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे जाऊन बसते. ओट्यावरचा एक्झॉस्ट फॅन बाहेर हवा सोडतोच असं नाही. कित्येक फ्लॅटमध्ये तो हवा गाळून परत खोलीतच फेकतो. वर पाइप भिंतीत जातो का ते एकदा बघून घ्या.

इथला उपाय ‘श्टोसल्युफ्टेन’. थर्मोस्टॅट बंद करायचा, खिडक्या पूर्ण उघडायच्या, जमलं तर समोरासमोरच्या, पाच मिनिटं. कडाक्याच्या थंडीत तेवढी पुरतात, ऑक्टोबरमध्ये दहा लागतील. मग खिडकी बंद, थर्मोस्टॅट पुन्हा जागेवर. सकाळी उठल्यावर, ऑफिसातून आल्यावर, झोपताना, आणि कुकर उतरवल्यावर लगेच. थर्मोस्टॅट बंद करायचा तो यासाठी की खिडकीखालच्या डोक्याला अचानक गार हवा लागली की तो झडप पूर्ण उघडतो आणि तुम्ही रस्ता तापवत बसता. हवा बदलते पण भिंती आणि सामान गरम राहतं, म्हणून खोली पुन्हा पटकन उबदार होते.

याच्या नेमकं उलट म्हणजे खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवणं. आपल्याला ते सौम्य, समजूतदार वाटतं. प्रत्यक्षात हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत गारठते, आणि तिथेच काळे ठिपके येतात. बिलही वाढतं. हिवाळ्यात तिरकी खिडकी अजिबात नको.

दहा युरोंच्या आसपास मिळणारा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. 40 ते 60 टक्के ठीक. 60 च्या वर बराच वेळ राहिला तर खिडकी. मोठं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, पाच-दहा सेंटीमीटर जागा सोडा. आणि बुरशी दिसली तर पुसून गप्प बसू नका. फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला लेखी कळवा. दोष बांधकामाचाही असू शकतो, पण उशिरा कळवलं तर नुकसान तुमच्या गळ्यात पडू शकतं.

डिसेंबरात चार आठवडे भारतात जाणार असाल तर हीटिंग पूर्ण बंद करू नका. हिमकणावर ठेवलं तर पाइप वाचतील, पण 6 अंशांच्या घरात भिंतींना बुरशी लागू शकते. 1 आणि 2 च्या मध्ये ठेवा.

हीटिंग बिघडलं तर? ऑक्टोबर ते एप्रिल हा इथे हीटिंगचा हंगाम मानतात. या काळात दिवसा राहत्या खोल्या 20 ते 22 अंशांपर्यंत तापवता आल्या पाहिजेत, असं न्यायालयांनी वेळोवेळी धरलंय. बिघाड फोनवर सांगा आणि मेलनेही कळवा. तारीख-वेळ आणि खोलीचं तापमान टिपून ठेवा. भाड्यात कपात मागायचा हक्क मिळू शकतो, पण स्वतःच्या मनाने भाडं कापू नका. आधी ‘मीटरफराइन’, म्हणजे भाडेकरू संघटनेला विचारा. जास्त कापलं तर घर जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

6. दर महिन्याच्या एक तारखेला

वहीत किंवा मोबाइलमध्ये रीडिंग लिहायचं. गॅसचा मीटर घनमीटर दाखवतो. एक घनमीटर म्हणजे अंदाजे 10 युनिट. केंद्रीय हीटिंगच्या, म्हणजे सगळ्या इमारतीला एकच बॉयलर असलेल्या, घरात रिमोटने वाचता येणारी यंत्रं असतील तर 2022 पासून तुम्हाला दर महिन्याला वापराची माहिती मिळालीच पाहिजे, मेलने किंवा ॲपवर. ती मिळत नसेल तर हिशेबातल्या तुमच्या वाट्यातून 3 टक्के कापून घ्यायचा हक्क आहे.

पण महिन्याचे आकडे वाचताना एक तक्ता माहीत हवा, नाहीतर घाबरायला होईल किंवा उगाच निवांत वाटेल. वर्षभराची उष्णता 1000 भाग धरली तर इथे हिशेबासाठी अशी वाटणी वापरतात: जानेवारी 170, फेब्रुवारी 150, मार्च 130, एप्रिल 80, मे 40, जून-जुलै-ऑगस्ट मिळून 40, सप्टेंबर 30, ऑक्टोबर 80, नोव्हेंबर 120, डिसेंबर 160.

आता गणपतीच्या सुमारास आलेला, 1 ऑक्टोबरपासून भाडं सुरू झालेला विद्यार्थी घ्या. हिशेबाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. वर्षाचा हीटिंगचा खर्च 1200 युरो, महिन्याचा हप्ता 100. हप्ता अगदी बरोबर लावलाय. तीन महिन्यांत त्याने 300 भरले. पण या तीन महिन्यांचे भाग 80 अधिक 120 अधिक 160, म्हणजे 360. खर्च झाला 432. कसलीही उधळपट्टी न करता 132 युरो अंगावर. कुणी फसवलं नाही, वापरही जास्त नाही. उन्हाळ्याचे हप्ते भरायला तो इथे नव्हता, इतकंच. थंडीच्या तोंडावर आलेल्या प्रत्येकाने पहिल्या हिवाळ्यात हप्त्याशिवाय महिन्याला 40-50 युरो वेगळे टाकावेत. हप्ताच कमी वाटत असेल तर वाढवून घ्यायची विनंती घरमालकाला करता येते, पण मी वेगळ्या खात्यात टाकायला सांगेन. पैसे आपल्याकडे राहतात.

7. हिशेबाचं पत्र

पत्र आलं की पहिली गोष्ट तारीख. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत ते तुमच्या हाती पडलं पाहिजे. 2025 सालचा हिशेब 31 डिसेंबर 2026 पर्यंत. उशीर घरमालकाच्या चुकीने झाला असेल तर जादा पैसे त्याला मागता येत नाहीत. तुमचे पैसे परत निघत असतील तर ते मात्र द्यावेच लागतात. आक्षेप घ्यायला तुम्हालाही पत्र मिळाल्यापासून 12 महिने असतात.

मग क्षेत्रफळ करारातल्याशी आणि राहिलेले दिवस स्वतःच्या तारखांशी जुळवा. हीटिंगचा खर्च दोन भागांत वाटतात: 50 ते 70 टक्के वापराप्रमाणे, उरलेला क्षेत्रफळाप्रमाणे. म्हणजे तुम्ही एकही दिवस हीटिंग लावलं नाही तरी बिल शून्य येत नाही. वापराचे अंक तुमच्या फोटोंशी ताडून पाहा. कुठे अंदाजाने अंक टाकलेत का, ते बघा. यंत्र वाचायला माणूस आला तेव्हा घर बंद होतं की असं होतं. वापराप्रमाणे वाटणी व्हायला हवी होती आणि सगळंच क्षेत्रफळावर वाटलंय, तर 15 टक्के कापता येतात.

खर्चाच्या यादीत बॉयलरची नियमित देखभाल असेल तर ती चालते. दुरुस्ती चालत नाही, ती घरमालकाची. ‘रेपाराटूर’ हा शब्द शोधा.

2023 पासून आणखी एक ओळ असायला हवी. गॅस आणि तेलावर कार्बन डायऑक्साइडचा जो आकार लागतो, तो आता भाडेकरू आणि मालकात वाटला जातो. इमारत जितकी वाईट, तितका मालकाचा वाटा मोठा. दर चौरस मीटरला वर्षाला 12 किलोपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड निघत असेल तर सगळा आकार भाडेकरूचा. 52 किलो किंवा जास्त असेल तर 95 टक्के मालकाचा. मधे पायऱ्या आहेत. केंद्रीय हीटिंगमध्ये ही वाटणी हिशेबात मालकानेच दाखवायची. गॅसचा करार तुमच्या नावावर असेल तर मात्र कुणी आपणहून देत नाही. गॅसचं वार्षिक बिल आल्यापासून 12 महिन्यांच्या आत तुम्हीच मालकाला लेखी मागायचं. त्या बिलावर लागणारे आकडे छापलेले असतात. रक्कम फार मोठी नसते, पण जुन्या घरात मागण्याइतकी नक्कीच असते, आणि ती न मागणारेच जास्त.

शंका आली तर मूळ बिलं बघायची मागणी करा. हा तुमचा हक्क आहे आणि तो वापरल्याने संबंध बिघडतात ही समजूत आपल्याकडची आहे. इथे सभ्य भाषेतल्या पत्राचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही. पत्र नीट लागत नसेल तर भाडेकरू संघटना सभासदांना ते तपासून देते. ‘फरब्राउखर्त्सेंट्राले’ ही ग्राहक सल्ला संस्था ऊर्जेबद्दल सल्ला देते. रक्कम पटली पण एकदम झेपत नसेल तर मुदतीआधी हप्ते मागा. मुदत उलटल्यावर मागितले तर तीच विनंती थकबाकी होते.

8. घर सोडताना

पुन्हा सगळे मीटर, पुन्हा फोटो, पुन्हा प्रोटोकोल. जुने थर्मोस्टॅटचे डोके पिशवीतून काढून जागेवर. गॅसचा करार स्वतःचा असेल तर शेवटचं रीडिंग देऊन तो बंद करा. घर सुटलं म्हणून तो आपोआप सुटत नाही. वर्षाच्या मधेच घर सोडलं तर मधलं रीडिंग घ्यायला कंपनी पैसे लावते. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर ते पैसे मालकाने भरायचे, असं इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2007 मध्ये म्हटलंय. हिशेबात ही रक्कम तुमच्या नावावर दिसली तर हरकत घ्या.

डिपॉझिटमधला थोडा भाग घरमालक शेवटचा हिशेब होईपर्यंत अडवून ठेवू शकतो. सगळं डिपॉझिट मात्र त्या नावाखाली ठेवता येत नाही. मार्चमध्ये घर सोडलेल्याचा हिशेब पुढच्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत येऊ शकतो, तेव्हा नवा पत्ता आणि मेल लेखी देऊन ठेवा. उन्हाळ्याआधी सोडलेल्यांकडे बाकी निघायची शक्यता जास्त, कारण तक्त्यातले जानेवारी ते मार्चचे 450 भाग त्यांनी वापरलेत आणि हप्ते तीनच भरलेत. कायमचं भारतात परतत असाल तर परतावा कुठल्या खात्यात यायचा ते ठरवून, मगच इथलं बँक खातं बंद करा.